शब्दचर्चा : बोल्ट ‘जप्त’ होतो की ‘धरतो’?

किनारपट्टी
मासळी वाहायचं आमचं 2009 सालचं पिकअप आहे. मागच्या पाट्यांचे, म्हणजे चाकांवर गाडी तोलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांचे, बुश गेलेत. खड्डा आला की हौद्याखाली टक्क करून वाजतं. बुश बदलायला घेतले तर बोल्ट निघेना. पुतण्याने कुठलासा इंग्रजी लेख शोधला, फोनवरच त्याचं मराठी केलं आणि मला पाठवलं. पहिलीच ओळ अशी : ‘जप्त केलेले निलंबन बोल्ट आणि झुडपे कशी बदलावीत.’ मूळ इंग्रजीत ‘सीझ्ड’, ‘सस्पेन्शन’ आणि ‘बुश’ असणार.

निलंबन तलाठ्याचं होतं, जप्ती बँकेची येते आणि झुडपं बांधावर असतात, एवढं आपल्याला कळतं. पण हसून झाल्यावर प्रश्न उरलाच. ‘सीझ’ झालेल्या बोल्टाला मराठीत नेमकं काय म्हणायचं? मी ‘जाम’ म्हणतो. आमचे मिस्त्री ‘धरलाय’ म्हणतात. दोन्ही एकच का?

घाटावरची
जाम लिहा आणि मोकळे व्हा. ‘जाम भूक लागली’ म्हणताना तो शब्द आला कुठून हे कोण विचारतं?

दहाअकरा
एकच नाहीत. दार जाम होतं, रस्ता जाम होतो, पावसात लाकडी खिडकी फुगून जाम होते. ते अडकणं झालं. वाट मोकळी केली की सुटतं. धरलेला बोल्ट वेगळा. तुमच्या गाडीत काय झालंय ते सांगतो, म्हणजे शब्दही कळेल.

पाट्याच्या गोल टोकात बुश ठोकलेला असतो. त्यात रबर, आणि रबराच्या पोटात लोखंडी नळी. त्या नळीतून बोल्ट आरपार जातो. मासळीच्या क्रेटमधून बर्फाचं खारं पाणी वर्षानुवर्षं तिथेच ठिबकतं. नळी आणि बोल्ट यांच्यात केसाएवढी फट असते, तिथे गंज धरतो. गंज झालेलं लोखंड मूळच्यापेक्षा जास्त जागा खातं, त्यामुळे ती फट आतल्या आत पाचर मारल्यासारखी भरते. आता नट काढा आणि बोल्टाच्या डोक्याला पाना लावा. बोल्ट थोडा फिरतो. आपल्याला वाटतं, सुटला! हात सैल सोडला की पाना आपला आपण मागे येतो. फिरलं होतं ते रबर. ते पिळलं आणि उलगडलं, बोल्ट नळीत तसूभर हललेला नाही. याला आमच्याकडे ‘धरला’ म्हणतात. जाम म्हणणाऱ्या पोराला मी अजून डिझेलची बाटली आणायला पाठवतो, कारण त्याला वाटतं रात्रभर भिजवलं की निघेल.

भिजवा, नाही म्हणत नाही. पण नळी बोटभर लांब, डिझेल दोन्ही टोकांना जेमतेम शिरतं. गॅसने तापवलं तर रबर पेटतं आणि सगळं गॅरेज काळ्या धुराने भरतं. शेवटी बहुतेक वेळा एकच होतं : चेसिस ठोकळ्यांवर घ्यायची, बुश आणि ब्रॅकेटच्या मधल्या फटीत पातं घालून बोल्ट दोन्ही बाजूंनी कापायचा, आणि जुना बुश बोल्टाच्या तुकड्यासकट प्रेसवर ढकलून काढायचा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका.

आजोळची भाषा
दहाअकरांचं पटलं. ‘धरणे’ या क्रियापदाची गंमत बघा. कंबर धरते, गुडघे धरतात, ब्रेक धरतो, झाड मोहोर धरतं, लोखंड गंज धरतं. ‘कंबर धरली’ म्हणताना कुणी धरली हे आपण विचारतच नाही. हलत नाही आणि हलवायला गेलं की कळ येते, एवढा अर्थ पुरतो. बोल्टाचंही तसंच. आधी लोखंड गंज धरतं, मग गंज बोल्टाला धरतो, आणि शेवटी ‘बोल्ट धरला’ एवढंच उरतं.

मला जास्त मौज वाटली ती भाषांतर करणाऱ्या यंत्राची. इंग्रजीतल्या ‘सीझ’चा मूळ अर्थही पकडणं, ताब्यात घेणं असाच आहे. आपणही ‘चोर धरला’ म्हणतो. चोराला आणि बोल्टाला दोघांनाही चालणारा शब्द घरातच होता, आणि यंत्राने उचलला ‘जप्त’! तो अरबी ‘ज़ब्त’, फारसीच्या वाटेने कचेरीत आला आणि कागदपत्रांतच राहिला. गॅरेजात त्याला कुणी पाहिलेला नाही.

घाटावरची
बरं, जाम मागे घेते. पण निलंबनाला एवढं हसू नका. शाळेच्या विज्ञानात द्रावण, कलिल, निलंबन शिकलोच की आपण. पाण्यात ढवळलेली माती म्हणजे निलंबन.

दहाअकरा
शिकलो असू. गॅरेजात ‘खालचं काम’ म्हणतात. ‘खालचं काम निघालंय’ म्हटलं की गिऱ्हाईक खिसा चाचपतं.

जुनी बैलगाडी
झुडपांबद्दल. यंत्राचा ‘बुश’ आणि झुडूप या अर्थाचा ‘बुश’ इंग्रजीत सारखे दिसतात, पण त्यांचं नातं नाही. यंत्रातला बुश डच भाषेतून आलेला, पेटी-डबीच्या कुळातला, चाकाच्या मध्यात बसवायच्या नळीचा शब्द. आमच्या बैलगाडीच्या तुंब्यातही, म्हणजे चाकाच्या मधल्या लाकडी गोळ्यातही, तशीच लोखंडी नळी असायची आणि आजोबा तिच्यात ओंगण घालायचे. तुम्ही वंगण म्हणत असाल. बोल्टाला तेवढं मिळालं असतं तर धरला नसता.

एक तक्रार करून घेतो. वरती दहाअकरांनी ‘पाना’ नीट लिहिलंय, आभार. हल्ली जो तो ‘पान्हा’ लिहितो. पान्हा गाईला फुटतो. मला तरी नट सोडवायला पानाच लागतो.

किनारपट्टी
काम उरकलं. बोल्ट कापावेच लागले, चारही. मिस्त्रींनी मध्येच एक वाक्य टाकलं : ‘पाटेच बसलेत, नुसते बुश बसवून किती दिवस काढणार?’ एका दमात दोन ‘बसणे’. एक खचण्याचं आणि एक जागेवर घट्ट जाण्याचं.

आजोळची भाषा
त्यात तिसरं घाला, ‘गाडी रस्त्यातच बसली’. हे मात्र ऐकणाऱ्यावर सोपवलेलं बरं.

दहाअकरा
नवा बोल्ट नळीत घालण्याआधी त्याच्या अंगाला ग्रीस चोपडलंत ना? रबराला लावू नका, तेलाने रबर फुगतं. बुश सरकवायला साबणाचं पाणी पुरे. आणि शेवटचं आवळणं गाडी चाकांवर उभी असताना. अधांतरी आवळलंत तर गाडी खाली टेकताच रबर पिळतं, तसंच पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. ‘लावणे’ आणि ‘आवळणे’ हे आमच्याकडे दोन वेगळे शब्द का आहेत, ते इथे कळतं. नट हाताने लावून ठेवायचा, आवळायचा नंतर.

किनारपट्टी
ग्रीस लावलं. आवळलं होतं मात्र अधांतरीच. उद्या सैल करून पुन्हा आवळतो.

कापलेला एक तुकडा घरी आणलाय. मध्यावर करवतीने चिरून बघितला. नळी कुठे संपते आणि बोल्ट कुठे सुरू होतो ते ओळखू येत नाही, मध्ये नुसती तांबूस रेघ आहे, तीही सगळीकडे नाही. पुतण्याने तो टेबलावर पेपरवेट म्हणून ठेवलाय. म्हणतो, काका, हा मी जप्त केला.