कॅमेऱ्यावरचं स्टिकर

टेक्नो (ठेक्यावर चालणारं इलेक्ट्रॉनिक नाचाचं संगीत) पार्ट्या म्हणजे पैसेवाल्यांच्या पोरांचं नशेचं निमित्त, असं काही जण म्हणतात ते मला नाही पटत. हे संगीत ८०च्या दशकात अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या कृष्णवर्णीय पोरांनी घडवलं, मग बर्लिनची भिंत पडल्यावर तिथल्या ओसाड इमारतींत रुजलं, १९९१चा तिथला ट्रेसॉर क्लब तर जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातल्या तिजोरीत होता.

आपल्या नागपुरातच हिंगणा रोडकडच्या एका बंद गोदामात गेलो होतो, जेमतेम चाळीस जण, दारातच मोबाईलच्या कॅमेऱ्यावर गोल स्टिकर लावलं (कोणी शूटिंग करू नये म्हणून, बर्लिनच्या क्लबांची रीत). मे महिना, एकच कूलर, सगळे घामाने चिंब. शेजारी एक पोरगी तासन्‌तास डोळे मिटून नाचत होती, कोणी वळूनही पाहिलं नाही. निघताना म्हणाली, भावाच्या वरातीतही मी अशी नाचले नाही, तिथं सगळे शूटिंगच करत राहतात ना.