मत्स्यालयाच्या दिव्यातील विजेचा बिघाड: तुम्हाला दोष कुठे सापडला?

घरच्या मत्स्यालयाचा दिवा बंद पडला, लुकलुकू लागला किंवा त्याच्यामुळे घरातील वीज वारंवार जाऊ लागली, तर दोष नेमका कुठे निघाला आणि तो कसा हुडकला, हे येथे सविस्तर लिहावे. कोणता तर्क आधी चुकला तेही अवश्य सांगावे, कारण दुसऱ्याला उपयोग त्याचाच अधिक होतो. विनंती एकच आहे: प्लग सॉकेटमधून काढल्याशिवाय कोणीही दिव्याला हात लावू नये. दोन-तीन दिवस दिवा नसला तरी मासे आणि पाणवनस्पती तग धरतात, त्यामुळे घाई करण्याचे कारण नाही.

सुरुवात माझ्यापासून करतो. माझ्या टाकीच्या झाकणात दोन टी-५ नळ्या (बारीक ट्यूबलाइट) एकाच इलेक्ट्रॉनिक चोकवर चालतात. आधी एक नळी थरथरू लागली आणि काही दिवसांनी दोन्ही विझल्या. नळ्या बदलून उपयोग झाला नाही, म्हणून चोक बदलला. आठवडाभर दिवे उत्तम लागले आणि पुन्हा तोच प्रकार सुरू झाला. नवा चोकही सदोष असावा, असे मी धरून चाललो होतो. शेवटी नळीच्या टोकाचे होल्डर सोडवून भिंगातून पाहिले, तेव्हा आतल्या पितळी पट्टीवर हिरवट थर चढलेला दिसला. पाण्याची वाफ सैल झालेल्या रबरी टोपणातून आत शिरत होती. चोक बदलताना नळ्या काढून पुन्हा बसवल्या गेल्या, त्यात तो थर थोडा खरवडला गेला आणि श्रेय मात्र चोकला मिळाले. आता होल्डर व टोपणे नवीन आहेत आणि पाणी व नळ्या यांच्यामध्ये काच ठेवली आहे.

*

खाऱ्या पाण्याच्या टाकीत वाफेइतकेच मीठही त्रास देते. बुडबुडे फुटताना उडणारे बारीक तुषार वाळले की मिठाचा थर मागे राहतो; तो हवेतील ओल शोषून घेतो आणि त्यातून वीज वाहू लागते. माझ्या घरातील ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (जाणाऱ्या व परतणाऱ्या प्रवाहात फरक पडताच वीज तोडणारा स्विच) अवेळी पडत असे. दिव्याचे बटण बंद ठेवूनही ती पडली, म्हणून मी दिव्याला निर्दोष ठरवले आणि दोन दिवस पंप व हीटर तपासण्यात घालवले. माझी चूक अशी, की बटण फक्त फेज तोडते, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. दिव्याच्या जोडणीवरील मिठामुळे न्यूट्रल आणि अर्थिंग एकमेकांशी जोडले गेले होते, त्यामुळे घरातील इतर उपकरणांचा परतीचा प्रवाह काही अंशी त्या वाटेने जाई आणि आरसीसीबीला तो फरक जाणवे. सर्व प्लग बाहेर काढून एकेक पुन्हा लावत गेलो, तेव्हाच हे उलगडले. वायरवरून ओघळणारे पाणी सॉकेटपर्यंत जाऊ नये यासाठी आता वायरला सॉकेटच्या खाली झोळ दिला आहे.

*

माझा अनुभव लहान आहे. तांब्याच्या चोकवरील जुनी टी-८ नळी फक्त दोन्ही टोकांना पेटून राहत असे आणि मध्ये अंधार असे. स्टार्टरचे आतले संपर्क चिकटले होते. नवा स्टार्टर घालताच नळी लागली. अशी नळी तशीच चालू ठेवल्यास तिची तार जळते आणि चोकही तापतो, म्हणून ती लगेच बंद करावी.

*

एलईडी पट्टीबाबत दोन गोष्टी नोंदवतो. १२ व्होल्टच्या पट्टीत एलईडी बहुधा तीन-तीनच्या गटाने एकामागे एक जोडलेले असतात. त्यामुळे लागोपाठ तीन विझले, तर त्यांपैकी एकच निकामी झालेला असू शकतो किंवा सोल्डर सुटलेले असू शकते. माझी मात्र संपूर्ण पट्टीच मंद होऊन लुकलुकत होती. अडॅप्टरची पिन मोकळी असताना मल्टीमीटर व्यवस्थित १२ व्होल्ट दाखवी, म्हणून मी पट्टीच बदलली आणि तो खर्च वाया गेला. नंतर पट्टी जोडलेली असताना मोजले, तर व्होल्टेज निम्म्याजवळ घसरत होते. अडॅप्टर रिकामा असताना तपासणे पुरेसे नाही, हे तेव्हा कळले.

*

माझा एलईडी दिवा बटण बंद केल्यावरही रात्रभर मिणमिणतो. यात धोका आहे का?

*

बटणात निऑनचा दर्शक असेल, तर त्यातून जाणाऱ्या अत्यल्प प्रवाहानेही असे घडते आणि ते निरुपद्रवी असते. परंतु बटण चुकून न्यूट्रलवर बसवलेले असेल, तर दिवा विझल्यावरही त्यात फेज असतो, आणि पाण्याजवळ ती गंभीर गोष्ट आहे. माझ्याकडे दुसरा प्रकार निघाला. वायरमनकडून जोडणी दुरुस्त करून घेतल्यावर मिणमिणणे थांबले. तुम्हीही हे वायरमनकडूनच तपासून घ्यावे.

*

बोटाला बारीक चीर पडलेली असताना दिव्याचे धातूचे झाकण धरले आणि मुंग्या आल्या. एरवी तेच झाकण रोज हाताळूनही काही जाणवले नव्हते. दिवा उत्तम चालत होता, म्हणून बिघाड आहे असे कोणाला वाटलेच नसते. इलेक्ट्रॉनिक चोकमध्ये विजेतील नको असलेल्या लहरी गाळण्यासाठी फेज व न्यूट्रलपासून अर्थिंगकडे लहान कपॅसिटर जोडलेले असतात. अर्थिंग तुटले, तर त्यांच्यामुळे झाकणावर पुरवठ्याच्या जवळजवळ निम्मे व्होल्टेज उभे राहते. प्लग काढून त्याच्या अर्थिंगच्या पिनपासून झाकणापर्यंत वायर सलग आहे का ते तपासले, तर ती जोडणी शाबूत होती. दोष निघाला एक्स्टेंशन बोर्डात: अर्थिंगचे तिसरे छिद्र होते, पण त्याच्यामागे वायरच जोडलेली नव्हती. बोर्ड बदलून पुन्हा मोजले आणि झाकणावर व्होल्टेज उरले नाही. त्याच बोर्डावर हीटरही होता.