अनुभव धागा: दिव्यांगांचा 'निराधारचा पगार' नेमका कुठं अडतो?

धागाकर्ता, चंद्रपूर जिल्हा

गावात ज्याला सरसकट 'निराधारचा पगार' म्हणतात त्यात दिव्यांगांपुरत्या दोन योजना मिसळलेल्या आहेत. पहिली राज्याची संजय गांधी निराधार अनुदान योजना. त्यात वय 18 ते 65, दिव्यांगत्व किमान 40 टक्के, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 50,000 च्या आत आणि महाराष्ट्रात 15 वर्षांचं वास्तव्य लागतं. (विधवा, परित्यक्ता वगैरे बाकी गटांना उत्पन्नाची मर्यादा 21,000. दोन्ही आकडे एकमेकांत मिसळून भलतेच अर्ज परत पाठवले जातात.) दुसरी केंद्राची इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तीवेतन योजना. तिला 80 टक्के आणि दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव, दोन्ही हवं.

रक्कम 2023 पासून महिना 1,500 होती, दिव्यांगांसाठी ती ऑक्टोबर 2025 पासून 2,500 झाली. टक्का 40 असो की 100, रक्कम तीच.

हे काम रोज हाताखालून जातं अशांनी लिहावं. किती चकरा झाल्या ते नको. कोणता कागद, कोणत्या टेबलावर, का अडतो, तेवढं सांगा.

सेतू केंद्र, दारव्हा तालुका

कागद सांगतो. आधार, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं केंद्राचं ओळखपत्र), उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, वयाचा पुरावा, रेशन कार्ड, पासबुकाचं पहिलं पान, फोटो. केंद्राच्या योजनेसाठी वरून दारिद्र्यरेषेच्या यादीचा उतारा. वयाला शाळेची टीसी नसली तर सरकारी दवाखान्यातून वयाचा दाखला निघते, त्यासाठी घरी बसून राहू नका.

सगळ्यात जास्त घोळ नावाचा. आधारवर 'सुमनबाई', यूडीआयडीवर 'सुमन', पासबुकात माहेरचं आडनाव. माणूस एकच, पण संगणकाला तीन बाया दिसते. अर्ज भरायच्या आधी आधार बरोबर करून घ्या आणि बाकी सगळं आधारबरहुकूम करा, उलटं नाही.

उत्पन्नाच्या दाखल्यात तारीख पाहा. एक वर्षाचा दाखला 31 मार्चपर्यंतच चालते. फेब्रुवारीत काढला, मार्चमध्ये अर्ज टाकला, समिती बसली जूनमध्ये, तर दाखला तवापर्यंत मेला. एप्रिल-मे मध्ये काढलेला दाखला वर्षभर कामी येते.

पटवाऱ्याचा अहवाल हा त्या दाखल्याचा पाया. उत्पन्न अख्ख्या कुटुंबाचं धरतात, अर्जदाराचं एकट्याचं नाही. 50,000 म्हणजे महिन्याला 4,166 रुपये. घरात तीन-चार एकर कापूस-सोयाबीन अन् एक जण मजुरीला जात असला तर आकडा लगेच वर जाते. म्हणून पटवाऱ्याजवळ जाताना सातबारा, आठ अ घेऊन जा आणि सामाईक जमीन असली तर अर्जदाराच्या घराच्या वाट्याला किती येते ते लेखी दाखवा. नाहीतर चार भावांची 12 एकर एकाच्याच नावावर मोजल्या जाते.

वाचक, तेल्हारा

या दाखल्यांसाठीच्या प्रतिज्ञापत्राला 500 चा स्टॅम्प पेपर लागतो ना? आमच्याकडं विक्रेते तसंच सांगतात.

निवृत्त अव्वल कारकून, संगायो शाखा, बुलडाणा जिल्हा

नाही लागत. जात, उत्पन्न, रहिवास असे दाखले काढण्यासाठी सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक शुल्क 2004 पासून माफ आहे. साध्या कागदावर चालतं. कोणी अडून बसलं तर शासनाचा आदेश दाखवायला सांगा, विषय तिथंच मिटतो.

आता संगायो, म्हणजे संजय गांधी योजनेच्या शाखेतलं सांगतो. अर्ज तहसीलला आला की नायब तहसीलदाराकडं छाननी होते, मग तालुका समितीपुढं जातो. तहसीलदार समितीचे सदस्य सचिव असतात. अध्यक्ष आणि बरेच सदस्य पालकमंत्र्यांच्या शिफारशीनं नेमलेले. निवडणुकीची आचारसंहिता लागली की बैठका थंडावतात, त्यामुळं अर्ज आचारसंहितेच्या तोंडावर देऊ नये. अशासकीय सदस्य नेमलेलेच नसले तर अधिकाऱ्यांच्या समितीकडून मंजुरी होते. 'समिती नाही म्हणून काम बंद' हे उत्तर मान्य करू नका.

अर्ज दिल्याची पोच तारीख-शिक्क्यासह घ्या. नामंजूर झाला तर कारण लेखी मागा. तोंडी 'बसत नाही' म्हणण्याला अर्थ नसतो. उत्तरच मिळत नसेल तर 10 रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करा, त्यात फक्त दोन प्रश्न: माझा अर्ज कोणत्या बैठकीत ठेवला, आणि इतिवृत्तात काय नोंद आहे. लांबलचक तक्रारीपेक्षा हा अर्ज लवकर हलवतो. जिल्हाधिकारी कार्यालयातला लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, तोही आहेच.

एकाच गल्लीत एकाला पैसे आले अन् दुसऱ्याला नाही, यावरून फार भांडणं होतात. कारण साधं आहे: निधी सर्वसाधारण, अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती अशा वेगवेगळ्या लेखाशीर्षांतून (सरकारी हिशेबाच्या खात्यांतून) येतो. एका शीर्षाचा आला, दुसऱ्याचा यायचा आहे, असं होतं. तेव्हा शेजाऱ्याशी तुलना न करता तहसीलला विचारा, 'आमच्या शीर्षाचा कोणत्या महिन्यापर्यंतचा निधी आला?'

केंद्राच्या योजनेत 300 रुपये केंद्राचे, बाकी राज्याचे. पासबुकात दोन वेगळ्या नोंदी, दोन वेगळ्या तारखांना दिसू शकतात. एक नोंद पाहून 'पगार कापला' म्हणत लोक येतात. आणि दारिद्र्यरेषेची यादी म्हणजे ग्रामपंचायतीत असलेली 2002 च्या सर्वेक्षणाची यादी. घरात पिवळं रेशन कार्ड आहे म्हणजे त्या यादीत नाव आहेच असं नाही. नाव नसलं तर 90 टक्केवाल्यानंही राज्याच्या योजनेत अर्ज करावा, तिथं यादीची अट नाही आणि हाती येणारी एकूण रक्कम तेवढीच.

65 पूर्ण झाले की संजय गांधीतून श्रावणबाळ या वृद्धांच्या योजनेत वर्ग करतात. त्या वेळी नोंदीत 'दिव्यांग' हा प्रवर्ग कायम राहिला की नाही ते बघा. वाढीव 1,000 श्रावणबाळमधल्या दिव्यांगांनाही लागू आहेत, पण नोंद फक्त 'वृद्ध' अशी असेल तर 1,500 वरच गाडी थांबते. हेच विधवा म्हणून मंजूर झालेल्या दिव्यांग बाईचं. यूडीआयडीची झेरॉक्स आणि एक साधा अर्ज देऊन प्रवर्ग बदलून घ्यावा.

दिव्यांग कक्ष, वर्धा जिल्हा

टक्क्यांबद्दलचे गैरसमज मोडायला हवेत.

एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असेल तर 30 टक्के मिळतात. म्हणजे पगार नाही. यात डॉक्टरचा काही दोष नाही, केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांतच तो आकडा आहे. पण त्याच माणसाला कमी ऐकू येत असेल किंवा हात-पायात दोष असेल, तर तेही त्याच वेळी तपासून घ्या. दोन दिव्यांगत्वं असली की सरळ बेरीज होत नाही, सूत्र आहे: 90 मधून मोठा टक्का वजा करायचा, उरलेल्याला लहान टक्क्यानं गुणायचं, 90 नं भागायचं आणि येईल ते मोठ्या टक्क्यात मिळवायचं. डोळ्याचे 30 आणि कानाचे 20 असतील तर 60 गुणिले 20, भागिले 90, म्हणजे 13. एकूण 43. माणूस पात्र झाला. अर्ज भरताना एकच प्रकार निवडला तर दुसरा कोणी तपासणार नाही.

यूडीआयडीचा अर्ज स्वावलंबन पोर्टलवर भरायचा, रुग्णालय निवडायचं, पावती घेऊन तपासणाऱ्या वैद्यकीय बोर्डाच्या ठरलेल्या दिवशी यायचं. हाडांचा, डोळ्यांचा, कान-नाक-घशाचा आणि मनोविकाराचा वार वेगळा असू शकतो, निघण्याआधी फोन करून विचारा. ऐकण्याच्या तपासणीला ऑडिओमेट्री (यंत्रावर आवाज ऐकवून केलेली चाचणी) लागते. लहान मूल किंवा प्रतिसाद न देणारा माणूस असेल तर बेरा, म्हणजे आवाजाला मेंदूचा प्रतिसाद मोजणारी चाचणी. ही यंत्रं प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात नसतात. तिथं रुग्णालय चुकीचं निवडलं की पुढं पाठवणं आलं.

कार्डाचा रंग टक्का सांगतो: 40 च्या खाली पांढरं, 40 ते 79 पिवळं, 80 आणि वर निळं. पांढरं कार्ड घेऊन लोक तहसीलला जातात आणि कार्ड असून नाकारलं म्हणतात.

प्रमाणपत्र तात्पुरतं आहे की कायमचं हे वाचा. पक्षाघात, मानसिक आजार, अपघातानंतरचा दोष यांत बहुतेकदा मुदत असते. मुदत संपली की पगार थांबतो, आणि फेरतपासणीत टक्का कमीही होऊ शकतो. मुदतीच्या दोन-तीन महिने आधी नूतनीकरण टाका. हाताने लिहिलेली जुनी प्रमाणपत्रं आता चालत नाहीत असं धरूनच चला, यूडीआयडी करून घ्या.

आशा गटप्रवर्तक, गडचिरोली जिल्हा

सिकलसेलवाल्यांसाठी लिहिते, कारण आमच्या भागात सगळ्यात जास्त निराशा इथंच होते.

2016 च्या कायद्यात 21 प्रकारची दिव्यांगत्वं आहेत, त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया आहेत. पण प्रत्यक्ष आजार असलेल्या, म्हणजे 'एसएस' रुग्णाचा विचार होतो. 'एएस' म्हणजे वाहक, त्याला आजार नाही, प्रमाणपत्रही नाही. गावात होणारी सोल्युबिलिटी चाचणी ही फक्त चाळणी. बोर्डापुढं इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या रक्ताच्या पक्क्या तपासणीचा रिपोर्टच लागतो.

'एसएस' आहे म्हणून आपोआप 40 टक्के होत नाहीत. रक्त किती वेळा चढवलं, दुखण्याचे झटके किती, भरती किती वेळा, कोणत्या अवयवावर परिणाम, यावरून आकडा ठरते. म्हणून प्रत्येक भरतीचं डिस्चार्ज कार्ड आणि रक्त दिल्याची नोंद एका पिशवीत ठेवा. पीएचसीत सलाईन लावून घरी पाठवलं तरी केसपेपर मागून घ्या. कागद नाही तर झटका झालाच नाही, असं धरलं जाते.

अनेकांच्या खुब्याचं हाड सिकलसेलमुळं झिजते, लंगडत चालतात. त्याचा एक्स-रे काढून हाडांच्या डॉक्टरकडूनही टक्का घ्या. वरच्या सूत्रानं दोन्ही जोडले जातात. पुष्कळ जण हे सोडून देतात आणि 35 वर अडकतात.

सीमेवरचं एक आणखी. छत्तीसगड, तेलंगणातून लग्न होऊन आलेल्या बायांचा 15 वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा अडते. मतदार यादीतली जुनी नोंद, मुलांच्या जन्माची नोंद, रोजगार हमीचं जुनं जॉब कार्ड, हे जमवून ठेवा.

बँक मित्र, मेहकर तालुका

मंजुरी झाली, यादीत नाव आहे, तरी पैसा नाही. यातली बरीच प्रकरणं बँकेच्या टोकाची निघतात.

डिसेंबर 2024 पासून पैसे डीबीटीनं (थेट खात्यात) येतात, म्हणजे खाते क्रमांक पाहून नाही, आधार पाहून. 'माझं आधार लिंक आहे' हे सगळेच म्हणतात. खात्याला आधार जोडलेलं असणं एक, आणि एनपीसीआयच्या (बँकांमधली देवाणघेवाण चालवणाऱ्या संस्थेच्या) नकाशात, म्हणजे कोणत्या आधारचे पैसे कोणत्या बँकेत जातात त्या यादीत, त्या बँकेची नोंद असणं दुसरं. नकाशात एका वेळी एकच बँक राहते, शेवटी जिथं संमती दिली ती. शिबिरात पोस्टाचं खातं उघडलं, फॉर्मवर एक टिक पडली, की पगार तिकडं वळला. मग जुन्या बँकेच्या पासबुकात शिक्के मारत बसायचं.

तपासायला माय आधारच्या साइटवर 'बँक सीडिंग स्टेटस' बघा. बँकेचं नाव आणि चालू की बंद, दोन्ही दिसतं. त्याला ओटीपी लागतो, म्हणजे आधारला मोबाइल हवा. नंबर जोडायला आधार केंद्रावर कागद लागत नाही, माणूस लागतो. बँक बदलायची असेल तर नव्या शाखेत सीडिंगचा फॉर्म भरा आणि नोंद झाली का ते चार-पाच दिवसांनी पुन्हा तपासा. फॉर्म टेबलाच्या खणातच पडून राहणं काही नवं नाही.

केवायसी संपलेलं किंवा खूप वर्षं न वापरलेलं खातं असेल तर पैसे परत जातात. पीककर्ज थकीत असलं तर त्याच बँकेतल्या बचत खात्यावर होल्ड लागल्याची तक्रार नेहमीची. पगारासाठी कर्ज नसलेल्या बँकेत आधार मॅप करून ठेवणं हा सोपा मार्ग.

मजुरी करून बोटं घासलेली, कुष्ठरोगानं बोटं गेलेली, अशांचा थम (बोटाचा ठसा) लागत नाही. आधारमध्ये डोळ्याची आणि चेहऱ्याची ओळख असते, ती अद्ययावत करून घ्या. शाखेत विड्रॉल स्लिपनंही पैसे मिळतात. थम लावून काढले तर पावती घेतल्याशिवाय उठू नका. 'सर्व्हर डाउन' म्हटल्यावर दुसऱ्यांदा बोट लावायच्या आधी शिल्लक तपासा.

हयातीचा दाखला दरवर्षी 1 जानेवारी ते 31 मार्च. एप्रिल-मेमध्ये पगार बंद झाला की आधी हेच आठवा.

विशेष शिक्षक, गोंदिया जिल्हा

बौद्धिक दिव्यांग, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्न आणि बहुविकलांग मुलांचे पालक 18 वर्षं पूर्ण झाल्यावर अडकतात. मूल कायद्यानं सज्ञान, सही करता येत नाही, बँक खातं चालवू देत नाही. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते, ती आई-वडिलांना कायदेशीर पालकत्वाचं प्रमाणपत्र देते. कोर्टात जावं लागत नाही. ते प्रमाणपत्र दाखवून पालक खातं चालवू शकतो. मानसिक आजार या कायद्यात येत नाही, त्यांनी या खिडकीत वेळ घालवू नये.

वाचक, धारणी

मुलीला निराधार चालू आहे. लाडकी बहीणचा फॉर्म भरावा का?

निवृत्त अव्वल कारकून, संगायो शाखा, बुलडाणा जिल्हा

नाही. दुसऱ्या सरकारी योजनेतून महिन्याला 1,500 किंवा जास्त मिळत असेल तर लाडकी बहीणला अपात्र. दोन्हीकडं आधार एकच असल्यानं पडताळणीत दिसतं. त्याऐवजी ग्रामपंचायतीत जा. स्वउत्पन्नाच्या 5 टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करणं ग्रामपंचायतीला बंधनकारक आहे. घरपट्टी-पाणीपट्टीतून 2 लाख येत असतील तर त्यातले 10,000, तेही गावातल्या सगळ्या दिव्यांगांत मिळून, म्हणून फार मोठी अपेक्षा ठेवू नका. पण हा निधी मिळाल्यानं पगाराला बाधा येत नाही. खर्च त्याच आर्थिक वर्षात करायचा असतो, तेव्हा अर्ज मार्चच्या शेवटच्या आठवड्यात नाही, दिवाळीच्या सुमारास द्या आणि पोच घ्या.