टर्बो कंप्रेसरचा व्हूश (सुसाट्यासारखा) आवाज टेस्टमध्ये दिसतो, सीएफडीत (हवेच्या प्रवाहाच्या कॉम्प्युटर सिम्युलेशनमध्ये) का येत नाही?

कंप्रेसर_मॅप:
कंप्रेसरला ६ मेन ब्लेड आणि ६ स्प्लिटर (मधली आखूड ब्लेड) आहेत, स्पीड १,२०,००० आरपीएम. फ्लो कमी करत सर्ज लाइनच्या (जिच्यापलीकडे फ्लो अस्थिर होऊन उलटतो) जवळ गेलं की टेस्टमध्ये ५ ते १० किलोहर्ट्झला मोठा रुंद फुगवटा येतो, पण सीएफडीत (युआरएएनएस म्हणजे टर्ब्युलन्सची सरासरी धरणारी पद्धत, एसएसटी टर्ब्युलन्स मॉडेल, इम्पेलरबरोबर फिरणारी स्लायडिंग मेश) १२ किलोहर्ट्झचा मेन ब्लेड पासिंगचा पीक बरोबर जागेवर आणि बाकी सगळं सपाट. इनलेट पाइप ५० मिमीचा, त्यात भिंतीला एकच प्रेशर सेन्सर, सीएफडीतही त्याच जागी मॉनिटर पॉइंट. आता सरळ एलईएसवर (मोठे भोवरे थेट सोडवणाऱ्या पद्धतीवर) जाऊ का?

मेशवाला:
एलईएसची घाई नको, आधी डीईएस (भिंतीजवळ युआरएएनएस, बाकी ठिकाणी एलईएस) करून बघा. टोनल (ठरावीक फ्रिक्वेन्सीचा) आवाज युआरएएनएसमध्ये येतो कारण तो ब्लेडच्या फिरण्यातून येतो, पण व्हूश ब्रॉडबँड (अनेक फ्रिक्वेन्सींत पसरलेला) आहे आणि ज्या भोवऱ्यांतून तो तयार होतो ते युआरएएनएस बऱ्यापैकी पुसून टाकतं. टाइमस्टेप इम्पेलरच्या १ अंश फिरण्याइतका किंवा त्याहून लहान ठेवा, तुमच्या स्पीडला १ अंश म्हणजे साधारण १.४ मायक्रोसेकंद. आणि किती वेळ रेकॉर्ड करताय? एक फेरा ०.५ मिलिसेकंदाचा, म्हणजे १० फेरे धरले तरी रिझोल्यूशन २०० हर्ट्झ आणि अ‍ॅव्हरेजिंगला काहीच उरत नाही, असा स्पेक्ट्रम नुसता खडबडीत दिसतो. शिवाय इनलेट बाउंड्री नॉन-रिफ्लेक्टिंग आहे का ते नक्की बघा, नाहीतर लाट परत येऊन खोटे पीक उभे राहतात.

टेस्टबेड:
मला जास्त काळजी त्या एकाच सेन्सरची वाटते. ५० मिमी पाइपमध्ये थंड हवेला पहिला स्पिनिंग मोड (गोल फिरत जाणारी लाट) साधारण ४ किलोहर्ट्झला कट-ऑन होतो, म्हणजे त्यावर पाइपमधून पुढे जाऊ लागतो, फ्लोमुळे थोडा आणखी खाली. त्याखाली फक्त प्लेन वेव्ह (पूर्ण क्रॉस सेक्शनवर सारखं प्रेशर असलेली लाट), तिथे पाइपच्या लांबीत दोन-तीन सेन्सर लावून जाणारी आणि येणारी लाट वेगळी करता येते. पण तुमचा अख्खा फुगवटा कट-ऑनच्या वर आहे, तिथे भिंतीवरच्या एका जागी मोजलेलं प्रेशर पाइपमधून किती आवाज बाहेर जातोय हे सांगूच शकत नाही, त्यात टर्ब्युलन्सचं प्रेशरही मिसळलेलं असतं आणि इम्पेलरच्या जवळ तर तेच जास्त. १० किलोहर्ट्झपर्यंत तिसऱ्या ऑर्डरचे स्पिनिंग मोडही कट-ऑन होतात, म्हणून एका रिंगमध्ये किमान ७ सेन्सर हवेत, ८ लावले तर बरं.

अजून एक, सेन्सर भिंतीशी फ्लश आहे ना? १० मिमी खोल भोकाच्या तळाशी बसवला असेल तर क्वार्टर वेव्हचा रेझोनन्स ८.६ किलोहर्ट्झच्या आसपास येतो, म्हणजे नेमका तुमच्या फुगवट्यात!

कंप्रेसर_मॅप:
फ्लश नाहीये, भोकातच आहे, खोली मोजून बघतो. आउटलेटलाही हेच आकडे धरायचे का?

टेस्टबेड:
नाही, तिथे हवा गरम असते. १५० अंश सेल्सिअसला ध्वनीचा वेग ४१२ मीटर प्रति सेकंदाच्या आसपास, त्यामुळे त्याच व्यासाला कट-ऑन ४.८ किलोहर्ट्झला जातो. तापमान मोजून आकडा काढा आणि सेन्सर त्या तापमानाला टिकणारा घ्या. आणि सीएफडीतही एक पॉइंट नको, सेन्सरच्या रिंगच्या जागी पूर्ण क्रॉस सेक्शनचं प्रेशर साठवा, दोन्हीकडे एकच मोड डिकंपोझिशन (प्रेशर वेगवेगळ्या मोडमध्ये विभागणं) चालवा आणि मगच डेसिबल जुळवायला बसा.