मदत हवी आहे: फ्रान्सच्या पंतप्रधानाच्या हातात नक्की असतं काय?

नमस्कार मंडळी,

भाची पुण्यात राज्यशास्त्रात एम.ए. करतेय. तौलनिक राजकारणाच्या सेमिनारसाठी तिने फ्रान्स घेतलाय आणि समजावून सांगायचं काम मावशीच्या, म्हणजे माझ्या गळ्यात पडलंय. का, तर मावशी कधीकाळी फ्रेंच शिकली होती! त्या फ्रेंचचा इथे काडीचा उपयोग होत नाहीये. तिच्या पुस्तकाने "अर्ध-अध्यक्षीय पद्धत" (म्हणजे सत्ता राष्ट्राध्यक्ष आणि पंतप्रधान दोघांत वाटलेली) एवढं म्हणून पान उलटलंय.

1958 च्या संविधानाचं कलम 20 सांगतं की राष्ट्राचं धोरण सरकार ठरवतं आणि राबवतं. कलम 21 नुसार सरकारचं काम पंतप्रधान चालवतो. हे वाचून वाटतं की खरा कारभारी तोच. पण बातम्या बघाव्यात तर 2024 च्या जानेवारीत पंतप्रधानपदावरून एलिझाबेथ बोर्न गेल्या, मग अताल, बार्निए, बायरू, लेकोर्नू अशी रांगच लागली. लेकोर्नूंनी 5 ऑक्टोबर 2025 ला रात्री मंत्रिमंडळ जाहीर केलं, 6 तारखेला सकाळी राजीनामा दिला आणि 10 तारखेला पुन्हा त्याच पदावर नेमणूक!

अडलंय ते असं. 577 जणांच्या सभागृहात बार्निएंच्या पक्षाचे खासदार पन्नासच्या घरात, तरी ते पंतप्रधान झाले कसे? राष्ट्राध्यक्ष पंतप्रधानाला काढू शकतो का? आणि हे 49.3 प्रकरण काय आहे?

विकिपीडियाची लिंक कृपया देऊ नका, ते वाचूनच गोंधळ वाढलाय.

प्रतिसाद

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. कलम 8 प्रमाणे नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतो, आणि नेमल्यावर सभागृहाचा विश्वास मिळवायलाच हवा अशी सक्ती नाही. सभागृह विरोधात एकवटत नाही तोवर सरकार चालतं. पंतप्रधान खासदार असण्याचीही गरज नाही. 1962 मध्ये पॉम्पिदू आले तेव्हा त्यांनी कुठलीच निवडणूक लढवलेली नव्हती, 2005 मध्ये द व्हिलपँ आले तेही तसेच. उलट खासदार मंत्री झाला तर त्याला जागा सोडावी लागते आणि त्याच्यासोबत निवडून आलेला बदली उमेदवार ती घेतो. आपल्या नेमकं उलटं.

काढण्याबद्दल भाचीला 1972 चं उदाहरण द्या. शाबां-देल्मास यांनी मे महिन्यात 368 विरुद्ध 96 मतांनी विश्वास मिळवला. जुलैत पॉम्पिदूंनी (आता ते राष्ट्राध्यक्ष होते) त्यांना घरी पाठवून मेस्मेर यांना आणलं. कागदावर राष्ट्राध्यक्षाला पंतप्रधानाला काढता येत नाही, फक्त त्याने दिलेला राजीनामा स्वीकारता येतो. पण तो "दिला" जातो. विधिमंडळात बहुमत खिशात असलेला मुख्यमंत्री दिल्लीच्या एका फोनवर जातो, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

प्रतिसाद (ल्योंहून)

वरची मुख्यमंत्र्याची उपमा मस्त आहे, पण ती 1986 ला तुटते. सगळी गंमत तिथेच आहे.

राष्ट्राध्यक्षाचा हुकूम चालतो कारण सभागृहातलं बहुमत त्याच्या माणसांचं असतं. ते गेलं की कलम 20 अचानक जिवंत होतं. 1986 च्या मार्चमध्ये उजवे जिंकले आणि समाजवादी राष्ट्राध्यक्ष मित्तराँना शिराक यांना पंतप्रधान करावं लागलं. दर बुधवारी राष्ट्राध्यक्षाच्या एलिझे राजवाड्यात मंत्रिमंडळाची बैठक, अध्यक्षस्थानी मित्तराँ, समोर त्यांना हरवायला निघालेला पंतप्रधान! त्या जुलैत मित्तराँनी खासगीकरणाच्या अध्यादेशांवर सही करायला नकार दिला. शिराक यांनी तेच संसदेतून कायदा म्हणून मंजूर करून घेतलं. अडवणूक झाली, पण धोरण पंतप्रधानाचंच चाललं.

1988 मध्ये दोघे राष्ट्राध्यक्षपदासाठी आमनेसामने आले. टीव्हीवरच्या वादात शिराक म्हणाले की आज रात्री मी पंतप्रधान नाही आणि तुम्ही राष्ट्राध्यक्ष नाही, आपण बरोबरीचे उमेदवार आहोत, तेव्हा मी तुम्हाला "मिस्टर मित्तराँ" म्हणेन. मित्तराँ शांतपणे म्हणाले, "तुमचं अगदी बरोबर आहे, पंतप्रधान महोदय." निवडणूकही तेच जिंकले.

विरुद्ध गटांचे राष्ट्राध्यक्ष आणि पंतप्रधान असण्याचं हे सहजीवन पुढे 1993 ते 95 (मित्तराँ-बालादूर) आणि 1997 ते 2002 (शिराक-जोस्पां, आता शिराक राष्ट्राध्यक्ष) असं आणखी दोनदा झालं. 35 तासांचा आठवडा जोस्पां यांच्या सरकारने आणला, शिराक बघत राहिले. म्हणून 2000 च्या सार्वमताने राष्ट्राध्यक्षाची मुदत सातवरून पाच वर्षांवर आणली आणि पुढे संसदेची निवडणूक लगेच त्यामागोमाग ठेवली, म्हणजे बहुमतही त्याच्याच माणसांचं येईल. पंतप्रधान फियों 2007 ते 2012 सलग टिकले, पण सगळ्यांना राष्ट्राध्यक्ष सार्कोझीच आठवतात ते यामुळे.

प्रतिसाद

49.3 मी घेते, म्हणजे कलम 49 चा तिसरा परिच्छेद. सरकार म्हणतं, या विधेयकावर आमची खुर्ची पणाला. मतदान न होताच विधेयक मंजूर, फक्त 24 तासांत अविश्वास ठराव येऊन तो संमत झाला तर विधेयकही पडतं आणि सरकारही. 2008 च्या दुरुस्तीनंतर अर्थसंकल्प आणि सामाजिक सुरक्षेचं वित्त विधेयक सोडून एका अधिवेशनात आणखी एकाच विधेयकाला ते वापरता येतं.

मेख मोजणीत आहे. आपल्याकडे हजर राहून मत देणाऱ्यांचं बहुमत बघतात, म्हणून 1999 मध्ये वाजपेयी एका मताने पडले. तिथे एकूण सभासदांच्या निम्म्याहून जास्त, म्हणजे 289 मतं ठरावाच्या बाजूने लागतात. मोजतातही फक्त तीच. जो घरी बसला तो सरकारच्या कामी आला. 2023 च्या मार्चमध्ये निवृत्तीचं वय 62 वरून 64 करताना बोर्न यांचं सरकार 278 मतांवर वाचलं. बार्निएंच्या वेळी डावे आणि कडव्या उजव्या ल पेन यांचे खासदार एकत्र आले आणि 4 डिसेंबर 2024 ला 331 मतं पडली. 1962 नंतर पहिल्यांदाच ठराव संमत झाला.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार! म्हणजे 2024 नंतर बहुमत राष्ट्राध्यक्षाचंही नाही आणि पंतप्रधानाचंही नाही, असंच ना? मग बायरू आणि लेकोर्नू यांचं काय? आणि राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉननी पुन्हा निवडणूक का घेतली नाही?

प्रतिसाद (ल्योंहून)

असंच. सभागृह तीन तुकड्यांत फाटलंय, त्यातले कुठलेही दोन एकत्र आले की सरकार पडतं. बायरू अविश्वास ठरावाने पडले नाहीत, त्यांनी स्वतःच 49.1 (कलम 49 चा पहिला परिच्छेद) खाली विश्वास मागितला आणि 8 सप्टेंबर 2025 ला 364 विरुद्ध 194 ने हरले. माझ्या मते हा जाणूनबुजून पत्करलेला शेवट होता, पण इथल्या ऑफिसात यावर दोन तट आहेत. लेकोर्नूंनी परतल्यावर निवृत्तीची सुधारणा थांबवायचं कबूल केलं, त्यामुळे समाजवादी बाजूला राहिले आणि 16 ऑक्टोबरला ठराव 271 वर अडकला.

निवडणुकीचं म्हणाल तर कलम 12: विसर्जनानंतर निवडणूक झाली की वर्षभर पुन्हा विसर्जन नाही. ती झाली 2024 च्या जून-जुलैत, त्यामुळे बार्निए पडले तेव्हा मॅक्रॉन यांचे हात बांधलेले होते. बायरूंच्या वेळी मोकळे होते, पण त्यांनी ते वापरले नाहीत. ल पेन यांच्या पक्षाच्या जागा आणखी वाढायची भीती होती, हे इथे सगळेच उघड बोलतात.

भाचीला म्हणावं, सेमिनारला 1972, 1986 आणि 2024 एवढीच तीन वर्षं घे. चौथ्या प्रजासत्ताकात शिरलीस तर बारा वर्षांतल्या वीसहून जास्त सरकारांची नावं पाठ करावी लागतील.