ओहायोत पहिली रायफल: जुनी एसकेएस घ्यावी की नवी एआर-१५?

कोलंबसकर

नमस्कार. मी ओहायो राज्यातील कोलंबस येथे राहतो आणि मला यंदा ग्रीन कार्ड मिळाले आहे. महाविद्यालयात असताना एनसीसीच्या .२२ डिलक्स रायफलीवर जी थोडीफार नेमबाजी झाली, तेवढाच माझा अनुभव. आता एका सहकाऱ्यासोबत रेंजवर जाऊ लागलो असून स्वतःची अर्धस्वयंचलित (चाप दाबला की एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप भरली जाते अशी) रायफल घेण्याचा विचार आहे. खर्चाची मर्यादा ८०० डॉलर आहे. सहकारी म्हणतो की लष्करी साठ्यातील जुनी एसकेएस, म्हणजे सोव्हिएत घडणीची रायफल, घे, ती स्वस्त आहे आणि आयुष्यभर मोडणार नाही. दुकानदार मात्र एआर-१५ या हलक्या अमेरिकी रायफलीकडे बोट दाखवतो. पुढेमागे हरणाच्या शिकारीलाही जायचे आहे. पत्नी सध्या एफ-१ व्हिसावर शिकत आहे, त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने काही अडचण येईल का, हेही जाणकारांनी सांगावे.

माळावरचा

आपल्या सहकाऱ्याचा सल्ला तीस वर्षांपूर्वी अगदी बरोबर ठरला असता. १९९४ मध्ये चिनी बंदुकांच्या आयातीवर बंदी येण्यापूर्वी नोरिंको कंपनीच्या एसकेएस अमेरिकेत इतक्या आल्या होत्या की शंभर-दीडशे डॉलरमध्ये ती सहज मिळे, आणि तिची काडतुसेही इतर कोणत्याही मध्यवर्ती प्रज्वलनाच्या (सेंटरफायर, म्हणजे .२२ हून मोठ्या रायफलींच्या) काडतुसांपेक्षा स्वस्त होती. तिचे सारे नाव या दोन गोष्टींवर झाले. आज चांगल्या स्थितीतील एसकेएस ५०० डॉलरच्या खाली क्वचितच दिसते आणि जवळपास त्याच रकमेत प्राथमिक दर्जाची नवी कोरी एआर-१५ हमीसह मिळते. काडतुसांचेही तसेच झाले आहे. २०२१ मध्ये रशियन दारूगोळ्याच्या आयातीचे नवे परवाने देणे अमेरिकेने थांबवले, आणि एसकेएसचे ७.६२×३९ काडतूस एआरच्या ५.५६ पेक्षा स्वस्त पडण्याचे दिवस गेले. दोन्ही आता साधारण अर्ध्या डॉलरच्या आसपास आहेत.

तेव्हा ‘स्वस्त रायफल विरुद्ध महाग रायफल’ ही मांडणीच आता लागू होत नाही, असे माझे मत आहे. प्रश्न काडतुसांच्या खर्चाचा आहे. महिन्याला २०० काडतुसे उडवायची म्हटली तर दोन्हींपैकी कोणत्याही रायफलीवर वर्षाला सुमारे १२०० डॉलर जातील. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. तेवढीच काडतुसे .२२ ची घेतली तर वर्षाचा खर्च दोनशेच्या आसपास राहतो. म्हणून माझी शिफारस दोन्हींपैकी एकीचीही नाही. रुगर १०/२२ घ्यावी. १९६४ पासून ती बाजारात आहे, अर्धस्वयंचलित आहे, दहा गोळ्यांचे फिरते मॅगझिन (गोळ्यांची पेटी) आहे आणि साडेतीनशे-चारशे डॉलरमध्ये ती नवी मिळते. वापरलेल्या बाजारात मार्लिन मॉडेल ६० याहूनही स्वस्त सापडते; तिचे मॅगझिन नळीच्या आकाराचे असून बंदुकीच्या नळीखाली बसवलेले असते, त्यामुळे ती भरायला वेळ लागतो, पण नेम चोख आहे. चापावरचा ताबा, श्वास आणि माशीवरची (नळीच्या टोकावरील नेमाच्या खुणेवरची) नजर या तीनही गोष्टी .२२ वर जितक्या नीट शिकता येतात, तितक्या धक्का देणाऱ्या रायफलीवर येत नाहीत.

माजी_सुभेदार

राम राम. निवृत्तीनंतर मुलाकडे न्यू जर्सीत असतो. एसकेएसचा विषय निघाला म्हणून लिहितो. ही रायफल सर्गेई सिमोनोव्ह यांनी १९४५ च्या सुमारास तयार केली. पुढे चीनने ती टाइप ५६ या नावाने बनवली. १९६२ मध्ये आपले जवान .३०३ बोल्ट ॲक्शन रायफल घेऊन उभे होते, प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट मागेपुढे करत होते, आणि समोरच्या चिनी सैनिकांच्या हाती हीच दहा गोळ्यांची अर्धस्वयंचलित रायफल होती. त्या युद्धानंतर आपल्याकडे ७.६२ ची एसएलआर ही अर्धस्वयंचलित रायफल इशापूरला बनू लागली. आमच्या पिढीचे हात तिच्यावरच बसले आणि लहान गोळीची इन्सास रायफल आली तेव्हा कुरकुर करणारे आमच्यात पुष्कळ होते. ‘गोळी लहान झाली’ ही तक्रार त्यांनी निवृत्तीपर्यंत सोडली नाही, पण पाठीवरचे ओझे हलके झाले हेही त्यांना मान्य करावे लागले.

सांगायचे एवढेच की भारी रायफल म्हणजे मजबूत आणि हलकी म्हणजे खेळणे, हा समज रेंजवर टिकत नाही. एसकेएस जवळपास पावणेचार ते चार किलोची आहे आणि साधी एआर तीन किलोच्या आसपास. नवख्या माणसाचा खांदा चाळीस गोळ्यांनंतर काय सांगतो, ते महत्त्वाचे.

दस्ता_अक्रोडाचा

वरील दोघांशी बव्हंशी सहमत असूनही एसकेएसची बाजू मांडतो, कारण ती इतकी एकतर्फी नाही. तिची दहा गोळ्यांची पेटी रायफलीतच पक्की बसवलेली असते आणि ती क्लिपने (काडतुसे धरणाऱ्या धातूच्या पट्टीने) वरून भरावी लागते. स्वतंत्र मॅगझिन विकत घ्यावी लागत नाहीत, हरवतही नाहीत. वायूचा दाब दट्ट्यावर येतो, त्यामुळे एआरप्रमाणे काजळी थेट बोल्टच्या गाड्यात शिरत नाही. आणि लाकूड व पोलाद यांची ती जुनी घडण ज्याला आवडते, त्याला ॲल्युमिनियम-प्लास्टिकची रायफल दाखवून उपयोग नाही.

मात्र घ्यायची असेल तर पारखून घ्यावी. युगोस्लाव्ह एम५९/६६ च्या नळीला आतून क्रोमचा मुलामा नसतो आणि तिच्यावरील ग्रेनेड उडवताना वायू बंद करणारी झडप झिजली की रायफल अडखळू लागते. रशियन आणि बहुतेक चिनी नळ्या क्रोमच्या असतात. जुनी लष्करी काडतुसे वापरल्यास त्यांच्या टोपीतील (काडतुसाच्या बुडाशी ठिणगी देणाऱ्या भागातील) क्षारांमुळे नळी गंजते, म्हणून त्याच दिवशी पाण्याने धुऊन, कोरडी करून तेल द्यावे. नुसते तेल लावल्याने क्षार जात नाहीत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बोल्टमधील फायरिंग पिन, म्हणजे टोपीवर आदळून गोळी उडवणारी सुई. बहुतेक एसकेएसमध्ये तिला स्प्रिंग नसते, ती मोकळी असते. साठवणुकीतील घट्ट ग्रीस तिथे साचून पिन पुढे अडकली तर बोल्ट बंद होताना चाप न दाबताच गोळी सुटू शकते. बोल्ट बाहेर काढून कानाजवळ हलवावा. पिनचा खुळखुळ आवाज आलाच पाहिजे. तो येईपर्यंत रायफल भरू नये.

दुर्बीण लावायची इच्छा असेल तर मात्र एसकेएसचा विचार सोडा. तिचे वरचे झाकण पुरेसे घट्ट बसत नाही, त्यामुळे त्यावर बसवलेल्या दुर्बिणीचा नेम सतत हलतो. एआरला वर सपाट पट्टी असते आणि पाच मिनिटांत काम होते.

नियमावली

शिकारीबद्दल कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहिते. ओहायोत हरणासाठी रायफल वापरायची तर सरळ भिंतीचेच काडतूस चालते. एसकेएसचे ७.६२×३९ आणि एआरचे .२२३ (५.५६ चेच जवळचे नागरी रूप) ही दोन्ही काडतुसे पुढे निमुळती होतात, म्हणजे दोन्ही बाद. एआरच .३५० लेजेंड या सरळ भिंतीच्या काडतुसासाठी बनवलेली घेतली तर ती चालते, पण मग रेंजवरचा खर्च आणखी वाढतो. पहिल्या परवान्यापूर्वी शिकारी प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम करावा लागेल, तो आधी करून घ्या, बंदूक नंतर.

तुम्हाला ग्रीन कार्डावर दुकानातून खरेदी करता येते. दुकानातल्या खरेदीचा संघराज्याचा अर्ज ४४७३ भरताना परदेशी नागरिक म्हणून मिळालेला क्रमांक लिहावा लागतो. पत्नीचे तसे नाही. स्थलांतरित नसलेल्या व्हिसावरील व्यक्तीला बंदूक किंवा काडतूस ताब्यात ठेवण्यास संघराज्याच्या कायद्याने मनाई आहे. राज्याचा वैध शिकार परवाना असल्यास त्याला अपवाद आहे. तिजोरीची किल्ली किंवा क्रमांक तुमच्याकडेच राहू द्या आणि शंका असल्यास वकिलाला पैसे देऊन विचारा, इथल्या आमच्यासारख्यांना नव्हे. एसकेएसला काढघालीचे मॅगझिन आणि घडीचा दस्ता लावण्याचे व्हिडिओ पुष्कळ दिसतील. आयात रायफलीत असे बदल करताना परदेशी सुट्या भागांच्या संख्येवर बंधन आहे, त्यामुळे तिला आहे तशीच राहू द्यावी.

आणखी एक. रेंजवर नेलेली बॅग भारतात जाताना कधीही वापरू नका. कप्प्यात राहिलेले एक जिवंत काडतूस मुंबई किंवा दिल्लीच्या विमानतळावर सापडले तर शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जातो आणि ते नकळत राहिले होते हे न्यायालयात सिद्ध करण्यात सुट्टी संपते.

कोलंबसकर

सर्वांचे मनापासून आभार. शिकारीचा नियम मला ठाऊकच नव्हता. तूर्त १०/२२ घेतो आणि उरलेली रक्कम काडतुसे, कानाचे संरक्षण व तिजोरी यांवर खर्च करतो. सहकाऱ्याची एसकेएस रेंजवर चालवून पाहण्यास हरकत नसावी?

दस्ता_अक्रोडाचा

अवश्य पाहा. फक्त बंदिस्त रेंज असेल तर आधी फोन करून विचारा, कारण तिथले कर्मचारी काडतुसांना लोहचुंबक लावतात आणि गोळी चिकटली की ती परत पाठवतात. स्वस्त ७.६२×३९ मधील बऱ्याच गोळ्यांच्या आवरणात पोलाद असते. पितळी पुंगळी आणि तांब्याचे आवरण असलेला एखादा डबा सोबत ठेवल्यास फेरी वाया जाणार नाही.