डोक्यात मधेच सणक जाते, दोन सेकंदात गायब. काय असेल?

कोथिंबीरवडी: काल तांदूळ मोजत होते आणि उजव्या कानशिलात अशी सणक गेली की हातातलं माप तसंच थांबलं, दोन सेकंदात सगळं नॉर्मल. कधी डोळ्याच्या वर येते, कधी मागे डोक्यात, एखाद दिवशी चारपाचदा आणि मग आठवडाभर काहीच नाही. अर्धशिशी जुनी आहे. घरचे म्हणतात अ‍ॅसिडिटी, मला मात्र ट्यूमरचीच भीती वाटतेय.

न्यूरोवाला: ताई, वर्णन प्रायमरी स्टॅबिंग हेडेकचं वाटतंय, म्हणजे दुसऱ्या कुठल्या आजाराशिवाय येणारी, टोचल्यासारखी क्षणिक कळ, बोलताना आइस पिक हेडेक म्हणतात. बहुतेक कळा तीन सेकंदांच्या आत संपतात आणि जागा बदलत राहते. मायग्रेनवाल्यांमध्ये हे जास्त दिसतं, बऱ्याचदा नेहमी जी बाजू दुखते तिथेच टोचतं. कळ येते तेव्हा डोळा लाल होतो का, पाणी येतं का, ते आधी सांगा, कारण तसं असेल तर दुसऱ्या प्रकारची डोकेदुखी शोधावी लागते. दात घासताना, चावताना गालात करंट बसल्यासारखं होत असेल तर ट्रायजेमिनल न्यूराल्जिया (चेहऱ्याच्या नसेचं दुखणं) आहे का ते बघतात.

कोथिंबीरवडी: नाही हो, डोळ्याला काहीच नाही, चावतानापण त्रास नाही. गोळी असते का यावर?

न्यूरोवाला: कळ आल्यावर गोळी घेऊन उपयोग नाही, पोटात जाईपर्यंत कळ संपलेली असते. क्वचित येत असेल तर नुसतं निदान पक्कं करून सोडून देतात. वारंवार येत असेल तर इंडोमेथासिन ही वेदनाशामक गोळी रोज देतात, साधारण दिवसाला ७५ ते १५० मिग्रॅ, पण सगळ्यांना पूर्ण गुण येत नाही. आणि ही गोळी मेडिकलमधून स्वतःच आणू नका प्लीज! पोटात अल्सर होतो, किडनी आणि बीपीवर परिणाम होतो, म्हणून सोबत पोटाची गोळी देतात. इंडोमेथासिन झेपत नसेल तर मेलाटोनिन किंवा गॅबापेंटिन देऊन बघतात.

सांगलीकर_७: माझ्या आत्यालापण हेच होतं, डॉक्टरांनी समजावून सांगितल्यावर भीती गेली आणि गोळी घ्यावीच लागली नाही. कळा येतात अधूनमधून, ती लक्ष देत नाही.

न्यूरोवाला: तरी एकदा न्यूरोलॉजिस्टला दाखवाच. कळ कायम एकाच जागी येत असेल तर एमआरआय करून घेतात. पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालं आणि केस विंचरताना टाळू दुखते, जेवताना जबडा भरून येतो, नजर अंधुक होते असं काही असेल तर त्याच दिवशी जा, तिथे रक्तवाहिनीची सूज असू शकते आणि उशीर झाला तर नजर जाते.